जमीन-व्यवहारातील एजंट आणि त्याची माणसे

शिक्रापूर ओलांडून रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीकडे जाऊ लागले की, रस्त्याच्या दोन्ही अंगांस भूखंडविक्रीचे फलक दिसू लागतात. दौंड तालुक्यात यवत, पाटस, कुरकुंभ या पट्ट्यातही तेच चित्र आहे. कारखान्यातील कामगार किंवा निवृत्तीस आलेला शिक्षक आयुष्यभराची शिल्लक घेऊन येथे येतो. त्याची गाठ पडते ती विकासकाशी नव्हे, तर मोटारसायकलवर बसवून जागा दाखविणाऱ्या तरुणाशी. या तरुणाच्या शब्दाची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न बहुधा पैसे गुंतल्यानंतरच विचारला जातो.

स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ हा १ मे २०१७ पासून पूर्णपणे अंमलात आला. नियोजन क्षेत्रातील ५०० चौरस मीटरपेक्षा, म्हणजे सुमारे पाच गुंठ्यांपेक्षा, मोठ्या जागेवरील भूखंड-आखणी महारेराकडे नोंदविल्याखेरीज विकता येत नाही. शिरूर व दौंड तालुक्यांचा काही भाग तर पुणे महानगर प्रदेशातच मोडतो. अशा प्रकल्पातील भूखंड मोबदला घेऊन विकून देणाऱ्या एजंटालाही स्वतंत्र नोंदणी आवश्यक असते. ‘मी एजंट नाही, केवळ ओळख करून दिली’ हा बचाव येथे टिकत नाही. ओळख करून देऊन दलाली घेणाराही एजंटच होय. गावात शब्दाला मान असलेल्या पंचायत सदस्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावे. शासकीय सेवकास तर पूर्वपरवानगीशिवाय असा धंदाच करता येत नाही.

नोंदणी एकाच्या नावे आणि बोलणारे दहा, अशी या धंद्याची जुनी रीत. महारेराने २०२३ साली एजंटांसाठी प्रशिक्षण व परीक्षा बंधनकारक केली आणि पुढे ग्राहकांशी व्यवहार करणाऱ्या विकासकांच्या विक्री-कर्मचाऱ्यांनाही हे प्रमाणपत्र आवश्यक ठरविले. प्रमाणपत्र सादर न केल्यामुळे २०२४ साली सुमारे २०,००० एजंटांची नोंदणी स्थगित झाली. माणसे नेमणाऱ्या एजंटाने त्यांच्या हाती नकाशा देण्यापूर्वी मंजुरीची कागदपत्रे द्यावीत आणि प्रत्येक पावतीची नोंद ठेवावी. प्रकल्पात नसलेल्या सुविधांचे आश्वासन देणे ही कायद्याने अनुचित प्रथा आहे. एजंटाने कर्तव्यांचा भंग केल्यास दररोज १०,००० रुपये, भूखंडाच्या किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो.

मात्र शेतजमिनीच्या साध्या खरेदी-विक्रीस हा कायदा लागू नाही, आणि फसवणुकीस नेमकी येथेच वाट मिळते. शेतीचाच गुंठा ‘प्लॉट’ म्हणून विकला जातो. सामाईक सातबाऱ्यावर नाव लागले म्हणजे भूखंड मिळाला, असे नव्हे. मिळतो तो अविभक्त हिस्सा. त्याच्या चतु:सीमा कागदावर कोठेच नसतात. ग्रामपंचायतीचा नमुना आठ पुढे करून मालकी पटविणारेही भेटतात. ती नोंद कर-आकारणीची आहे, मालकीची नव्हे, एवढे ग्रामसभेत एकदा स्पष्ट सांगितले तरी कित्येकांचा पैसा वाचेल.

खरेदीदाराने दोन क्रमांक मागावेत: प्रकल्पाचा व एजंटाचा. दोन्ही महारेराच्या संकेतस्थळावर पडताळता येतात. प्रकल्पाच्या माहितीत त्याच्या एजंटांची नावेही असतात. नोंदणीकृत प्रकल्पात करारनाम्याची नोंदणी होण्यापूर्वी विकासकाला किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. जागा दाखविणारा ‘आजच बयाणा द्या’ म्हणून घाई करू लागला, तर त्याच्या मालकाचा नोंदणी क्रमांक तेथेच विचारावा.