पांढरीचा सगळ्यात वरचा थर

लातूर-नांदेडच्या जुन्या खुणांची नोंद दगडापासून सुरू झाली. जेम्स बर्जेसनं औसा तालुक्यातली खरोशाची लेणी १८७८च्या अहवालात आणली. १९१४ साली निजाम सरकारनं पुरातत्त्व खातं काढलं, गुलाम याझदानी त्याचे प्रमुख झाले. पुढं कंधारचा किल्ला, होट्टलची चालुक्यकालीन देवळं अभ्यासकांच्या नजरेत राहिली. होट्टलला २०२५च्या सुरुवातीला, जतनाचं काम चालू असतानाच, आणखी तीन देवळांचे पाये आणि १०७०च्या सुमाराचा शिलालेख मिळाल्याची बातमी आली. उशिरा का होईना, देवळांचं काम होतंय.

घरांचं मात्र राहून गेलं.

३० सप्टेंबर १९९३ची पहाट. अनंत चतुर्दशीचं विसर्जन आटोपून गावं झोपली होती. भूकंपात किल्लारी, सास्तूर आणि आसपासच्या गावांत दहा हजारांच्या घरात माणसं गेली, ती बहुतेक घरांखालीच. भिंती मातीत रचलेल्या ओबडधोबड दगडांच्या, हात-दोन हात रुंद. वर माळवद: सागवानी खांबांवर तुळया, तुळयांवर दांड्या आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर, दर पावसाळ्याआधी आणखी वाढवलेला. काही ठिकाणी भिंती ढासळल्या, पण खणांचा लाकडी सांगाडा तसाच उभा राहिला.

ही माती गावच्या पांढरीतली. शेकडो वर्षं माणसं नांदून उंच झालेल्या जागेची. म्हणून पडक्या भिंतीत जुन्या खापराचा तुकडा दिसला तर नवल नाही. आजोबांच्या छपरात त्यांच्याही कितीतरी आधीच्या माणसांचा संसार मिसळलेला असतो. त्या पहाटे ढासळलं ते या पांढरीचं सगळ्यात वरचं, सगळ्यात ताजं पान.

पुढं ५२ गावं नव्या जागी वसवली. ते करायलाच हवं होतं. पण सिमेंटच्या रांगेतल्या घरांत दाराशी बसायची ढेलज आली नाही, धान्याचं बळद आलं नाही. जुन्या गावठाणात बाभळी माजल्या.

त्याच सुमारास, १९९४ साली, अमेरिकेत जेम्सटाउनला विल्यम केल्सो यांनी खणायला घेतलं. १६०७चा तिथला किल्ला नदीनं गिळला, असाच समज होता. लाकूड कुजून मातीत उरलेल्या काळ्या डागांवरून त्यांच्या चमूनं तटाची रेघ शोधली. विहिरीत टाकून दिलेल्या मोडक्या वस्तूंवरून तिथं माणसं काय खात होती, काय वापरत होती, हे कळत गेलं. साध्या माणसांचा चारशे वर्षांपूर्वीचा संसार तिकडे असा वाचला जातो. आपला तर तीस-बत्तीस वर्षांपूर्वीचा आहे, आणि त्यात राहिलेली माणसं अजून बोलू शकतात.

आपल्याकडेही, जवळच तेरला रामलिंगप्पा लामतुरे या व्यापाऱ्यानं गावात सापडणारे मणी, मातीच्या मूर्ती वर्षानुवर्षं जमवल्या. त्यातूनच आजचं सरकारी संग्रहालय उभं राहिलं. तसंच किल्लारी पट्ट्यातही आधी एकाच गावठाणाचा नकाशा काढावा. कोणाची ढेलज कुठं होती, धान्याचं पेव कुठं होतं, जातं कोणत्या खणात होतं, हे सत्तरी ओलांडलेल्या बायकांना जागेवर नेऊन विचारावं. त्यांच्याइतकं नेमकं दुसरं कोणी सांगू शकणार नाही.