‘माहीत नाही’ आणि ‘नाही’: कंपायलर, मेमरी आणि काही पक्के गैरसमज

पांढुर्णा-सौसर या संत्र्यांच्या पट्ट्यातलं एक उदाहरण घेऊ. लोधीखेड्याच्या एखाद्या संत्रा व्यापाऱ्यासाठी प्रोग्राम लिहायचा आहे. गोदामात किती पेट्या आहेत, तो आकडा ‘शिल्लक’ नावाच्या ग्लोबल व्हेरिएबलमध्ये ठेवला आहे. आपलं फंक्शन आधी शिल्लक वाचतं, मग ‘नोंद’ नावाचं दुसरं फंक्शन बोलावतं आणि त्यानंतर पुन्हा शिल्लक वाचतं. ‘नोंद’चा कोड दुसऱ्याच फाइलमध्ये आहे. कंपायलरला तो दिसत नाही, त्याचं फक्त नाव दिसतं.

दुसऱ्या वाचनाच्या वेळी मेमरीपर्यंत जायचं, की प्रोसेसरच्या रजिस्टरमध्ये आधीच असलेला आकडा वापरायचा? आधीचा वापरला तर वेळ वाचेल. पण ‘नोंद’ने मधल्या मधे वीस पेट्या वजा केल्या असतील तर हिशेब चुकेल, आणि तो चुकल्याचं कुणाला कळणारही नाही. प्रोग्राम बंद पडणार नाही, एररही येणार नाही. चुकीचा आकडा तेवढा छापला जाईल. म्हणूनच हा विषय मला महत्त्वाचा वाटतो.

गैरसमज : एखाद्या ऑपरेशनने ‘मी मेमरीला हात लावतो’ असं जाहीर केलं नसेल, तर ते लावत नाही असं धरावं.

वस्तुस्थिती : सगळ्यात घातक समजूत हीच, आणि ती विद्यार्थ्यांपुरती मर्यादित नाही. कंपायलर लिहिणाऱ्यांच्या हातूनही ही चूक होते. ऑपरेशनच्या मेमरीवरील परिणामांबद्दल तीन उत्तरं संभवतात. परिणाम आहेत आणि ते असे आहेत, परिणाम नाहीत, किंवा माहीत नाही. तिसऱ्या उत्तराला दुसऱ्यात ढकललं की प्रोग्रामचा अर्थच बदलतो.

एमएलआयआर या कंपायलर चौकटीत ही तीन उत्तरं अगदी उघडपणे वेगळी ठेवलेली आहेत. गुगलने 2019 मध्ये ती जाहीर केली आणि नंतर ती एलएलव्हीएम या कंपायलर प्रकल्पाचा भाग झाली. तिच्यात ऑपरेशनला आपले परिणाम सांगण्यासाठी एक इंटरफेस आहे आणि चार प्रकारचे परिणाम त्यातून सांगता येतात : मेमरी मागणं, सोडणं, वाचणं आणि लिहिणं. इंटरफेस आहे पण यादी रिकामी आहे, तर परिणाम नाहीत. इंटरफेसच नाही आणि परिणाम नसल्याची दुसरी कुठली खूणही नाही, तर परिणाम अज्ञात. साधं फंक्शन बोलावण्याचं ऑपरेशन या अज्ञात गटात येतं. लूप किंवा ‘इफ’सारख्या ऑपरेशनच्या पोटात इतर ऑपरेशन्स असतात, त्यामुळे तिथे आत उतरून पाहावं लागतं. त्यासाठी असलेलं फंक्शन परिणामांची यादी तरी देतं, नाहीतर ‘उत्तर नाही’ असं वेगळं मूल्य परत करतं. पोटातलं एक जरी ऑपरेशन अज्ञात निघालं तरी संपूर्ण लूप अज्ञात ठरतो.

चूक नेमकी कुठे होते ते पाहण्यासारखं आहे. पास, म्हणजे कंपायलरमधला एक टप्पा, लिहिणारा माणूस विचारतो : या ऑपरेशनला इंटरफेस आहे का? असेल तर त्याच्या यादीत ‘लिहिणं’ आहे का? असल्यास थांब. वाचायला हे बरोबर वाटतं. पण इंटरफेस नसेल तेव्हा काय करायचं, हे त्याने लिहिलेलंच नाही. कोड सरळ पुढे जातो आणि जिथे सर्वाधिक सावध राहायला हवं, तिथेच बेफिकीर होतो. ती राहिलेली शाखा लिहिणं हे कंपायलरच्या बरोबरपणाचं काम आहे, वरवरची टापटीप नाही.

गैरसमज : ‘माहीत नाही’ म्हणणारा कंपायलर कच्चा. पुरेसा हुशार असता तर त्याने शोधून काढलं असतं.

वस्तुस्थिती : प्रोग्रामच्या वागणुकीबद्दलचा, काहींसाठी ‘हो’ आणि काहींसाठी ‘नाही’ असं उत्तर असणारा कुठलाही प्रश्न सर्व प्रोग्रामसाठी नेमका सोडवणारी पद्धत असूच शकत नाही, हे हेन्री राइस यांनी 1953 मध्ये प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधातच सिद्ध केलं. दोन पॉइंटर एकाच जागेकडे बोट दाखवतात का, हा प्रश्नही असाच अनिर्णेय असल्याचं विल्यम लँडी आणि जी. रामलिंगम यांनी 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवून दिलं. तेव्हा अज्ञात भाग उरणारच. चांगला कंपायलर तो कमी करत नेतो, आणि जो उरतो त्याच्याशी प्रामाणिक राहतो.

ज्ञात भाग वाढवण्याच्या कामात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे आणि तो इथे सांगायलाच हवा. पुन्हा पुन्हा होणारी तीच आकडेमोड काढून टाकण्याची एक प्रसिद्ध पद्धत मोरेल आणि रेनव्वाज यांनी 1979 मध्ये मांडली. तिला व्यवहारात वापरण्याजोगं रूप देण्याचं महत्त्वाचं काम आयआयटी मुंबईच्या डी. एम. ढमढेरे यांनी केलं. सिस्टिम्स प्रोग्रामिंगवरचं त्यांचं पाठ्यपुस्तक भारतातल्या असंख्य अभियांत्रिकी विद्यार्थ्यांनी वाचलेलं आहे. 1994 मध्ये उदय खेडकर आणि ढमढेरे यांनी डेटा फ्लो विश्लेषणाचा एक व्यापक सिद्धांत मांडला. पुढे खेडकर, अमिताभ सन्याल आणि अमेय करकरे यांनी हीपवरच्या, म्हणजे प्रोग्राम चालू असताना मागून घेतलेल्या, मेमरीचं विश्लेषण कसं करावं यावर काम केलं आणि 2009 मध्ये खेडकर, सन्याल आणि बागेश्री करकरे यांचं डेटा फ्लो विश्लेषणावरचं पुस्तक आलं. या शास्त्रात प्रत्येक ओळीबद्दल दोन गोष्टी विचारतात : ती कोणती माहिती निर्माण करते आणि आधीची कोणती रद्द करते. अज्ञात फंक्शन समोर आलं की ते जे जे बदलू शकतं, त्या सगळ्याबद्दलची माहिती रद्द धरायची.

गैरसमज : म्हणजे एक अज्ञात फंक्शन आलं की सगळं ऑप्टिमायझेशन संपलं.

वस्तुस्थिती : ‘जे जे बदलू शकतं’ या शब्दांना मर्यादा आहे. आपल्या फंक्शनमध्ये एखादं लोकल व्हेरिएबल असेल आणि त्याचा पत्ता बाहेर कुणाला दिलाच नसेल, तर ‘नोंद’ला ते बदलता येणार नाही. त्याचा आकडा रजिस्टरमध्ये खुशाल राहू द्यावा. फटका बसतो तो ग्लोबल व्हेरिएबलना, आणि पत्ता बाहेर गेलेल्या प्रत्येक गोष्टीला.

शिवाय अंधार कमी करता येतो. लिंक करतेवेळी सगळ्या फाइली एकत्र पाहणारं ऑप्टिमायझेशन जीसीसी या कंपायलरमध्ये 4.5 या आवृत्तीत, 2010 साली आलं. ते चालू केलं की ‘नोंद’चा कोड समोर येतो आणि अंदाज करण्याची गरज बरीच कमी होते. एलएलव्हीएमच्या 16 व्या आवृत्तीपासून, म्हणजे 2023 पासून, फंक्शन मेमरीच्या कुठल्या भागाला काय करतं हे एकाच ‘मेमरी’ नावाच्या विशेषणातून सांगता येतं : फक्त आर्ग्युमेंटमधून मिळालेली मेमरी वाचतं, किंवा प्रोग्रामला थेट न दिसणाऱ्या मेमरीलाच हात लावतं, वगैरे.

गैरसमज : मग सगळ्या फंक्शन्सवर ‘प्युअर’ची खूण करावी, कोड वेगवान होईल.

वस्तुस्थिती : कंपायलर ही खूण तपासून पाहत नाही, तो तिच्यावर विश्वास ठेवतो. जीसीसीमध्ये ‘प्युअर’ फंक्शन मेमरी वाचू शकतं, पण बाहेर दिसेल असा कोणताही बदल करत नाही. ‘कॉन्स्ट’ त्याहून कडक : ज्या मेमरीतल्या बदलाने उत्तर बदलेल, ती त्याने वाचायचीही नाही. ‘नोंद’ खरोखर फाइलमध्ये नोंद करत असेल आणि आपण तिला ‘प्युअर’ म्हटलं असेल, तर उत्तर न वापरलेली तिची प्रत्येक हाक कंपायलर काढून टाकू शकतो. ऑप्टिमायझेशन बंद असताना प्रोग्राम नीट चालतो, चालू केलं की नोंदी गायब होतात, आणि दोष मात्र कंपायलरच्या माथी मारला जातो.

गैरसमज : मेमरीवर परिणाम नाही म्हणजे ऑपरेशन कुठेही हलवता येतं.

वस्तुस्थिती : भागाकार घ्या. तो मेमरीला स्पर्शही करत नाही. पण ‘भाजक शून्य नसेल तरच’ या अटीच्या आत असलेला भागाकार अटीच्या बाहेर, वर नेला, तर शून्याने भागण्याची वेळ येईल. म्हणून एमएलआयआरमध्ये मेमरीवरचे परिणाम आणि अट न तपासता आधीच चालवण्याची मुभा हे दोन वेगळे गुण आहेत, आणि ‘प्युअर’ म्हणवून घ्यायला दोन्ही लागतात. जीसीसीचं ‘प्युअर’ आणि हे ‘प्युअर’ एक नव्हेत. एकातली सवय दुसऱ्यात नेऊ नये.

असाच गैरसमज सी भाषेतल्या ‘व्होलाटाइल’ या खुणेबद्दलही असतो, म्हणून तिच्याबद्दल थोडक्यात. ते लिहिल्यावर त्या व्हेरिएबलचं वाचन-लेखन कंपायलर गाळत नाही, एवढंच. त्यामुळे दोन थ्रेडमधला व्यवहार सुरक्षित होत नाही. त्यासाठी सीच्या 2011 च्या मानकात आलेले अॅटॉमिक प्रकार आहेत. इनलाइन असेंब्लीत ‘मेमरी’ बदलते असं लिहिण्याचंही तसंच. त्याने कंपायलर आपले आकडे शिळे समजून पुन्हा वाचतो, पण प्रोसेसरने स्वतः केलेली अदलाबदल त्याने थांबत नाही.

कंपायलरवर काम करणाऱ्या, करू पाहणाऱ्या प्रत्येकाला एक विनंती. नवा पास लिहिला की त्याची एक चाचणी अनोळखी ऑपरेशनवर घ्या. एमएलआयआरमध्ये नोंदणी नसलेल्या डायलेक्टला, म्हणजे ऑपरेशन्सच्या संचाला, परवानगी देणारा पर्याय आहे. तो वापरून एकाच जागेच्या दोन वाचनांच्या मधे मनाने नाव दिलेलं एखादं ऑपरेशन ठेवा आणि पास चालवा. दोन्ही वाचनं जागेवर राहायला हवीत. एक जरी गायब झालं, तर तो पास कुणाच्या हाती देऊ नका.