लाइव्ह गेम खेळणाऱ्या लेकरांची काळजी



गटाच्या बैठकीत हल्ली एक तक्रार ऐकू येते: "पोरगं रात्री दोनपर्यंत मोबाइलशी बोलत बसतं. विचारलं तर म्हणतं, काम करतोय."

हे काम म्हणजे लाइव्ह स्ट्रीमिंग. लेकरू गेम खेळतं, लोक तो यूट्यूबवर त्याच वेळी बघतात आणि बाजूला काहीबाही लिहितात. बघणारे वाढले की जाहिरातीचे पैसे मिळतात. नागपूरला लागून असलेल्या छिंदवाडा जिल्ह्यातली पायल धारे यातूनच देशभर पोचली. एप्रिल २०२४ मध्ये पंतप्रधान ज्या गेमर मंडळींना भेटले, त्यांत ती एकटीच मुलगी होती. मात्र अशी कमाई फार थोड्यांची होते.

कापूस वेचणीला किलोवर पैसे मिळतात. म्हणून पाठ दुखली तरी आपण थांबत नाही. इथंही तसंच आहे. उठलं की बघणारे पांगतात. लोक मोकळे असतात संध्याकाळी आणि रात्री, म्हणून झोप मोडते. मान, मनगट, डोळे दुखतात. त्यात कुणी शिव्या लिहितं. मुलींना तर घाणेरडं बोलतात. ते मनाला लागतं.

मग काय करायचं? खेळायची वेळ ठरवून घ्यायची आणि आठवड्यात एक दिवस सुट्टी घ्यायची. दर २० मिनिटांनी २० सेकंद २० फूट लांब बघायचं. पाण्याची बाटली जवळ ठेवायची. शिव्यांचे शब्द आधीच अडवून ठेवता येतात, त्रास देणाऱ्याला ब्लॉक करता येतं. विश्वासातल्या मित्राला मजकुरावर लक्ष ठेवायला बसवता येतं. गाव, शाळा, फोन नंबर कधीच सांगायचा नाही. बीजीएमआय हा गेम २०२३ साली परत आला, तेव्हा १८ वर्षांखालच्यांना दिवसाला तीनच तास खेळायची मर्यादा होती. घरातही असा नियम लावता येतो. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर २०२५ च्या कायद्यानं बंदी आहे, तिकडं वळू द्यायचं नाही.

आणि आपण? खेळ चालू असताना मोबाइल हिसकावू नका, चारचौघांत लाज काढू नका. जेवायला हाक मारा आणि विचारा, "आज लोक काय म्हणाले?" लेकरू जेवेना, झोपेना, शाळा बुडवू लागलं, गप्प गप्प राहू लागलं, तर १४४१६ वर टेलि-मानसला फोन करा. फोन मोफत आहे, दिवसरात्र लागतो, मराठीतून बोलता येतं.

शेतात दिवस मावळला की सुट्टी होते. मोबाइलमध्ये दिवस मावळत नाही. तिथं "पुरे आता, ये जेवायला" असं मायेनं म्हणणारं माणूस घरातच लागतं.