दारातले ब्रह्मकमळ

पावसाळ्याचे दिवस असतात. रात्री नऊच्या सुमारास शेजारीण हाक मारते, "अहो वहिनी, ब्रह्मकमळ उमललंय, बघायला या!" मग आळीतली बायापोरे गोळा होतात. ओंजळीएवढे पांढरे फूल, मधुर वास. कोणी हळदकुंकू वाहते, कोणी हात जोडते.

हात जोडायला आमची हरकत नाही. फूल आहेच तसे देखणे. पण हे झाड कोणाचे कोण, हे मात्र समजून घेऊ या.

हे कमळ नव्हे. हा एक निवडुंग आहे. दचकू नका! काटे नाहीत, रानात उन्हात उभा नाही, मग निवडुंग कसा, असे तुम्ही म्हणाल. झाडाजवळ जाऊन नीट बघा. ज्याला आपण पान म्हणतो, त्या चपट्या पट्टीच्या कडेला खाचा असतात. कळी त्या खाचेतूनच येते. आंब्याच्या किंवा जास्वंदीच्या पानातून कधी फूल आलेले पाहिले आहे का? फूल येते ते फांदीला. म्हणजे ही हिरवी पट्टी पान नाही, फांदी आहे. झाडाला खरी पाने नाहीतच. पानांचे काम फांदीच करते आणि पाणीही तीच साठवून ठेवते.

याचे मूळ घर मेक्सिको आणि त्याच्या दक्षिणेकडचे देश. तिथल्या जंगलात ते मोठ्या झाडांच्या फांद्यांवर, खाचखळग्यांत साठलेल्या पालापाचोळ्यात वाढते. आपल्या बांधावरचा फड्या निवडुंगही मूळचा अमेरिकेचाच. तोही याच कुळातला. हल्ली आपल्याकडे ज्याची लागवड होते, ते ड्रॅगन फ्रूटही याचे भाऊबंद.

मग खरे ब्रह्मकमळ कोणते? ते हिमालयात, तीन हजार मीटरहून उंच, थंड जागी होते. ते सूर्यफुलाच्या कुळातले असून उत्तराखंडाचे राज्यफूल आहे. बद्री-केदारला ते देवाला वाहतात. आपल्या उन्हाळ्यात ते तग धरणार नाही. तेव्हा जत्रेत कोणी "हिमालयातलं रोप आहे, शंभर रोगांवर चालतं" असे सांगून भारी पैसे मागू लागला, तर सरळ पुढे चला. दारातल्या झाडाची एक फांदी शेजारीण फुकट देईल.

आता एक गोष्ट जपून वाचा. आपण शेराला निवडुंग म्हणतो, कुंपणाच्या त्रिधारीलाही निवडुंगच म्हणतो. पण ती झाडे या कुळातली नव्हेत. त्यांची फांदी मोडली की दुधासारखा पांढरा चीक गळतो. तो चीक डोळ्यात गेला तर भयंकर आग होते, नजरेलाही धोका पोहोचतो. असे झाले तर डोळा चोळू नका. स्वच्छ पाण्याची धार बराच वेळ धरा आणि लगेच दवाखाना गाठा. ब्रह्मकमळाची फांदी मोडली तर असा चीक येत नाही. अनोळखी झाड घरी आणताना आधी हे बघावे. चिकाचे झाड पोरांच्या हाताशी नको.

लावायचे असेल तर वीतभर फांदी कापून घ्या. लगेच मातीत खोचू नका. चार-आठ दिवस सावलीत ठेवा, जखम सुकू द्या. ओली जखम मातीत गेली की कुजते. पुष्कळांची रोपे इथेच मरतात, आणि मग म्हणतात, "आमच्या हाताला गुण नाही." कुंडीला खाली भोक हवे. माती, वाळू आणि चांगले कुजलेले शेणखत सारख्या मापाने मिसळा. फांदी दोन बोटे खोल रोवा. वरची बाजू वरच राहू द्या.

निवडुंग म्हणून कुंडी भर उन्हात ठेवाल तर फांद्या पिवळ्या पडतील. आठवा, हे झाड मोठ्या झाडाच्या आडोशाने राहणारे. सकाळचे कोवळे ऊन आणि दुपारी सावली, असा ओटा शोधा. वरची माती सुकली की पाणी घाला. थंडीत कमी. पावसाच्या झडीत कुंडी वळचणीखाली नको, तिथे पाणी तुंबते.

मधूनच काठीसारखा गोल, लांब कोंब येतो. तो वेडावाकडा दिसतो म्हणून काही जण छाटतात. छाटू नका, त्यालाच पुढे चपट्या फांद्या फुटतात. कापसासारखे पांढरे पिठ्या ढेकूण दिसले तर साबणाच्या पाण्यात फडके बुडवून पुसून काढा.

फुलायला दोन-तीन वर्षे लागतात. कळी दिसली की कुंडी हलवू नका, कळ्या गळतात. कळीचा देठ आधी खाली लोंबतो, मग टोक वर वळते आणि कळी फुगते. त्या रात्री आठपासून लक्ष ठेवा. मध्यरात्री फूल पुरते उमलते. त्याच्या देशात रात्री हिंडणारे मोठे पतंग त्याच्याकडे येतात, म्हणून रंग पांढरा आणि वास इतका दाट. पहाटे फूल मान टाकते. वाळलेले फूल तेवढे काढा, फांदी राहू द्या. पुढच्या साली तिच्याच दुसऱ्या खाचेत कळी धरते.