साखर आणि गुडघा : मधुमेहींनी व्यायाम का आणि कसा करावा?

पन्नाशी ओलांडलेल्या आपल्या माणसांत दोन दुखणी बहुधा जोडीने आढळतात. एक साखर आणि दुसरे गुडघे. डॉक्टर सांगतात, ‘रोज चाला.’ गुडघा सांगतो, ‘बसून राहा.’ बहुतेक जण गुडघ्याचे ऐकतात, आणि येथेच दोन्ही दुखणी बळावतात. म्हणून या विषयाची माहिती साध्या शब्दांत देण्याचा आम्ही येथे प्रयत्न करीत आहोत.

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटी ६० लाख त्याच्या उंबरठ्यावर आहेत. हा आता केवळ श्रीमंतांचा रोग राहिलेला नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनाही मधुमेह होता आणि अखेरच्या वर्षांत ते पायांच्या वेदनांनी त्रस्त होते, हे आपण जाणतोच. आज या रोगाविषयी त्या काळापेक्षा कितीतरी अधिक ज्ञान उपलब्ध आहे. त्याचा उपयोग करून घेणे आपल्या हाती आहे.

गुडघ्यात हाडांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चेचा थर असतो. वय, वजन, जुनी दुखापत आणि वर्षानुवर्षे उकिडवे बसून केलेले काम यांमुळे हा थर झिजतो. रक्तातील साखर सतत वाढलेली राहिली तर कूर्चेचे तंतू ताठर होतात, असेही आढळले आहे. ‘वंगण संपले, आता हालचाल केली की आणखी झिजणार,’ अशी समजूत सर्वत्र आहे. ती चुकीची आहे. कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. सांध्यातील द्रवातून तिला पोषण मिळते आणि ते हालचालीमुळेच आत झिरपते.

मुख्य मुद्दा मांडीच्या स्नायूंचा आहे. मांडीच्या पुढच्या बाजूचा मोठा स्नायू गुडघ्याला आधार देतो. जेवणानंतर रक्तात आलेली साखर उचलून घेण्यातही स्नायूंचा वाटा सर्वांत मोठा असतो. म्हणजे एकच व्यायाम दोन रोगांवर काम करतो. उलट माणूस बसून राहिला की स्नायू सुकतात, साखर वाढते, वजन वाढते आणि गुडघ्यावरील भार वाढतो. शरीराचे वजन १ किलोने घटले तर प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरील भार सुमारे ४ किलोने कमी होतो.

येथे आमच्या भगिनी विचारतील, ‘आम्ही दिवसभर राबतो, आम्हाला वेगळा व्यायाम कशाला?’ पैठणच्या शिवारात कापूस वेचणे, खुरपणी, घरी भांडी-धुणे आणि मागावर तासन्‌तास बसून पैठणी विणणे हे कष्ट खरेच आहेत. परंतु या कामांत कधी गुडघा फार वेळ दुमडलेला राहतो, तर कधी माणूस एकाच जागी जखडला जातो. त्याने थकवा येतो, मांडीला हवे ते बळ येत नाही. म्हणून पुढील व्यायाम वेगळे करावेत.

१) पाय लांब करून बसावे. गुडघ्याखाली चादरीची गुंडाळी ठेवून ती खाली दाबावी, ५ अंक मोजावेत व सैल सोडावे.

२) खुर्चीवर बसून एक पाय समोर सरळ करावा, ५ अंक मोजून हळूच खाली आणावा.

३) उताणे झोपून एक गुडघा दुमडावा. दुसरा पाय सरळ ठेवून वीतभर उचलावा.

४) भक्कम खुर्चीवरून, शक्यतो हातांचा आधार न घेता, उठावे आणि सावकाश बसावे.

प्रत्येक प्रकार १० वेळा, आठवड्यातून किमान ३ दिवस करावा. श्वास रोखू नये. मोठ्याने अंक मोजावेत. याखेरीज जेवणानंतर १० ते १५ मिनिटे सपाट रस्त्यावर चालावे. गोदावरीच्या घाटाच्या पायऱ्या चढणे-उतरणे हा गुडघेदुखीत चालण्याचा व्यायाम नव्हे. व्यायामानंतर थोडे दुखले आणि दुसऱ्या सकाळपर्यंत शमले तर चिंता नको. दुखणे टिकले किंवा सूज आली तर प्रमाण कमी करावे. फरक जाणवण्यास ६ ते १२ आठवडे लागतात. आठ दिवसांत कंटाळून सोडू नये.

मधुमेहींनी काही पथ्ये पाळलीच पाहिजेत. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल तर उपाशीपोटी व्यायाम करू नये. घाम, कापरे किंवा डोळ्यांपुढे अंधारी आल्यास थांबून लगेच ३ चमचे साखर पाण्यातून घ्यावी. पायांना बधिरता असेल तर अनवाणी चालू नये व रोज रात्री तळवे पाहावेत. डोळ्यांच्या पडद्याला इजा किंवा छातीत दुखण्याचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे. गुडघा लाल, गरम होऊन ताप आला तर व्यायाम न करता त्वरित रुग्णालय गाठावे.

वेदनाशामक गोळ्या मनाने वर्षानुवर्षे घेतल्यास मूत्रपिंडे बिघडतात, आणि मधुमेहात ती आधीच धोक्यात असतात. वातावरच्या अनोळखी पुड्यांत कधी कधी स्टेरॉइड मिसळलेले आढळते. त्याने गुडघा थांबतो पण साखर भडकते. गुडघ्यात स्टेरॉइडचे इंजेक्शन घेतल्यावरही काही दिवस साखर वाढते, म्हणून ती तपासत राहावी. शस्त्रक्रियेची वेळ आलीच, तरी साखर आटोक्यात व मांडी बळकट असलेला रुग्ण लवकर सावरतो. व्यायाम नीट शिकून घ्यायचा असेल तर छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयासारख्या शासकीय रुग्णालयात भौतिकोपचार तज्ज्ञांना विचारावे.

शेवटी एक विनंती. विहारात गुडघे टेकणे किंवा मांडी घालणे ज्यांना जमत नाही, असे अनेक वडीलधारे लाजेपोटी वंदनेलाच येईनासे होतात. त्यांच्यासाठी चार खुर्च्या मांडाव्यात. खुर्चीवर बसून वंदना घेतल्याने श्रद्धेत उणेपणा येत नाही. आणि वंदनेनंतर सर्वांनी मिळून १५ मिनिटे हे व्यायाम केले, तर एकट्याने घरी जे टिकत नाही ते समुदायात टिकेल, असा आम्हाला विश्वास वाटतो.