जिवंत आमिषाची मासेमारी : काठी कशी निवडावी?

तापीवरील उकाई धरण 1972 मध्ये पूर्ण झाले. त्याचे पाणी आपल्या नवापूर तालुक्यापर्यंत पसरले आणि काठच्या अनेक आदिवासी कुटुंबांची जमीन पाण्याखाली गेली. आज मासेमारी हा त्यांचा आधार आहे. नवे जाळे घ्यायला पैसा लागतो; मरळ मात्र गळ, तंगूस आणि बांबूच्या काठीवरही मिळते. ती जिवंत विकली तर भावही चांगला येतो. म्हणून गावभेटीत तरुण मला विचारतात, “दादा, काठी कशी घेऊ?”

होडीसाठी सहा-सात फुटांची काठी पुरे. त्याहून लांब आवरत नाही. शेंडा लवचिक आणि बुडखा दणकट हवा. ताठ शेंड्याच्या हिसक्याने आमिष फाटून सुटते. दणकट बुडख्यामुळे मरळ पाणगवतातून ओढून काढता येते.

होडी वल्ह्याने अगदी सावकाश चालवा. आमिषाचा लहान मासा ओठांतून टोचा, म्हणजे तो सरळ पोहतो. होडी उभी असेल तर पाठीवरच्या पराजवळ टोचा, पण कण्याला लागू देऊ नका. ओढ जाणवताच हिसका मारू नका. थोडे तंगूस सैल सोडा, मरळीला आमिष गिळू द्या, मग काठी उचला.

पावसाळ्यात लालसर पिल्लांचा थवा दिसला, तर तेथे गळ टाकू नका. आईबाप खालीच राखण करत असतात. त्यांना पकडले तर पिल्ले इतर माशांच्या तोंडी जातात, आणि त्यांच्याबरोबर आपल्या मुलांची उद्याची भाकरीही.