न फुटलेले अंडे काय सांगते?
घरगुती उबवणी यंत्रातील अपयशाची कारणे आणि उपाय

सोलापूर शहरातील शुक्रवार पेठेसारखी जुनी, दाट वस्ती असो वा जिल्ह्यातील एखादी वाडी असो, थर्माकोलची पेटी, विजेचे दिवे व तापनियंत्रक यांच्या साहाय्याने घरच्या घरी अंडी उबविणे आता अनेकांच्या आवाक्यात आले आहे. खुडूक कोंबडी एका वेळी दहा-बारा अंडी उबविते. लहान यंत्रात पन्नास अंडी सहज मावतात. परंतु एकविसावा दिवस उलटतो, मोजकीच पिल्ले बाहेर येतात आणि उरलेली अंडी उकिरड्यावर जातात. तीन आठवड्यांचे श्रम व अंड्यांसाठी घातलेले पैसे वाया जातात. दोष यंत्राला दिला जातो आणि पुढच्या वेळी तीच चूक पुन्हा घडते.

वस्तुतः न फुटलेले अंडे टाकण्यापूर्वी फोडून पाहिले, तर वाढ कोणत्या दिवशी थांबली हे कळते. आणि दिवस कळला की कारणही बहुधा कळते.

प्रमाण कोणते?

पंखा असलेल्या यंत्रात ३७.५ अंश सेल्सिअस तापमान हवे. पंखा नसल्यास अंड्यांच्या वरच्या पातळीवर मोजून ते ३८.३ ते ३८.९ अंश ठेवावे. पहिले १८ दिवस आर्द्रता ५० ते ५५ टक्के आणि शेवटचे तीन दिवस ६५ ते ७० टक्के असावी. अंडी दिवसातून किमान तीन वेळा फिरवावीत. अठराव्या दिवसापासून फिरविणे बंद करावे. तापमापक खोटा असेल, तर ही सारी दक्षता व्यर्थ जाते. म्हणून तो आणि ताप पाहण्याचा तापमापक कोमट पाण्यात एकत्र धरून दोहोंचे आकडे ताडून पाहावेत.

पहिल्या आठवड्यातील अपयश

सातव्या दिवशी अंधाऱ्या खोलीत विजेरीच्या झोतावर अंडे धरावे. आत रक्तवाहिन्यांचे जाळे दिसल्यास गर्भ जिवंत आहे. अंडे स्वच्छ, निव्वळ पिवळसर दिसल्यास ते बहुधा फलित नाही. गावरान कळपात आठ ते दहा कोंबड्यांमागे एक निरोगी कोंबडा हवा. रक्ताचे केवळ एक कडे दिसत असेल, तर गर्भ वाढू लागून मेला असे समजावे.

या मृत्यूचे कारण पुष्कळदा यंत्राबाहेर असते. साधारण २१ अंशांच्या वर गर्भाची वाढ रेंगाळत सुरू होते. सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. अशा दिवसांत स्वयंपाकघरातील टोपलीत आठवडाभर साठविलेल्या अंड्यांतील गर्भ धड थांबत नाही आणि धड वाढतही नाही; तो क्षीण होऊन जातो. यासाठी अंडी १५ ते १८ अंश तापमानात, बोथट टोक वर ठेवून, सात दिवसांपेक्षा अधिक न साठविणे हिताचे. ओल्या वाळूत ठेवलेल्या माठात गारवा राहतो. मात्र अंडी भिजू देऊ नयेत. एसटीतून वा दुचाकीवरून आणलेली अंडी यंत्रात ठेवण्यापूर्वी एक दिवस स्थिर ठेवावीत.

यंत्र ऊब देते, गारवा देत नाही

तापनियंत्रक दिवा बंद करू शकतो. खोली थंड करू शकत नाही. पत्र्याच्या छपराखालील खोली ४० अंशांवर गेली, तर दिवा बंद असूनही पेटीतील अंडी तापतात. वेळेआधी, एकोणिसाव्या-विसाव्या दिवशी निघालेली आणि बेंबी नीट न भरलेली पिल्ले ही या अतिउष्णतेची खूण होय. उलट बावीस-तेवीस दिवस लागल्यास तापमान कमी पडले असे समजावे. माळवदाच्या घरातील खालची खोली यंत्रासाठी उत्तम. तशी सोय नसेल, तर एप्रिल-मे महिन्यांत उबवणी टाळणे शहाणपणाचे ठरते.

कोरडी हवा

पूर्ण वाढलेले पिल्लू कवचात मेलेले आढळावे, त्याच्या अंगाला पापुद्रा चिकटलेला असावा आणि हवेची पोकळी मोठी असावी, तर पाण्याचा अंश कमी पडला. पिल्लू सुजलेले, ओलसर व पोकळी लहान असल्यास आर्द्रता अधिक झाली. याची पारख वाण्याच्या तराजूनेही होते. अठराव्या दिवसापर्यंत अंड्यांचे वजन सुमारे १२ टक्के घटावे. म्हणजे ५०० ग्रॅम भरलेली दहा अंडी ४४० ग्रॅमच्या आसपास यावीत. ती ४२० ग्रॅमवर आली, तर हवा फार कोरडी आहे. अशा वेळी पाण्याचे भांडे खोल नव्हे, पसरट घ्यावे. कारण वाफ पृष्ठभागावरून होते.

वीज गेल्यास

थंडीच्या दिवसांत पेटीवर सोलापुरी चादर घालावी आणि गरम पाण्याच्या बाटल्या आत ठेवाव्यात. हवेची छिद्रे मात्र झाकू नयेत. काही तास ऊब कमी झाल्याने गर्भ सहसा मरत नाही. उबवणी लांबते इतकेच. अखेरच्या दिवसांत पिल्लांना हवा अधिक लागते. त्यामुळे छिद्रे बुजविल्यास चोच मारून झालेली पिल्लेही गुदमरतात.

घाई नको

कवचाला पहिला तडा गेल्यापासून पिल्लू बाहेर येण्यास १२ ते २४ तास लागू शकतात. या काळात दार वारंवार उघडल्यास ओलावा निघून जातो आणि पापुद्रा वाळून पिल्लू अडकते. कौतुकापोटी कवच सोलल्यास रक्तस्राव होतो. बाहेर आलेले पिल्लू पोटातील बलकावर दोन दिवस निभावते. अंग सुकेपर्यंत त्याला आतच राहू द्यावे.

शाळेत असे यंत्र असल्यास शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून तापमान, आर्द्रता व वजन यांची रोजची नोंद ठेवून घ्यावी. पंचायत सदस्यांनी बचत गटांच्या भगिनींना अशी नोंदवही ठेवण्याचा आग्रह धरावा आणि अपयश आल्यास ती पंचायत समितीतील पशुधन विकास अधिकाऱ्यांना दाखवावी. नोंद नसेल, तर तज्ज्ञालाही केवळ तर्क करावा लागतो. नोंद असेल, तर एका वेळचे नुकसान पुढच्या वेळी टाळता येते.